उन्हाचा पट्टा

आमच्या दुकानाची दर्शनी काच पश्चिमेकडे तोंड करून बसवली ही मोठ्या शेठची चूक, आणि त्या काचेत मी तीस वर्षं साड्या लावल्या ही माझी. चंद्रपुरात पश्चिमेकडे तोंड करावं ते मावळता सूर्य बघायला, तेही लांबून, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. मे महिन्यात दुपारी मी त्या काचेत शिरलो की पाच मिनिटांत पापड व्हायचो. तोंडात टाचण्या, हातात निऱ्या आणि समोर फायबरची पुतळी. तिला घाम येत नसे, एवढाच आम्हा दोघांत फरक.

दुकान तीन मजली. मोठे शेठ एकेकाळी सायकलवर कापडाचे तागे लादून बाजार-बाजार फिरत. त्यातून हे उभं राहिलं. ब्रह्मपुरीकडची मंडळी लग्नाचा बस्ता घ्यायला जीप भरून येत आणि आधी सगळी जीप लिफ्टमध्ये तीनदा वर-खाली करून येई. सिरोंचाच्या बाया जरीकाठ बोटाने घासून तेलुगूत नाक मुरडत. अलीकडे सूरजागडच्या खाणीवरच्या साहेबांच्या बायका येऊ लागल्या. त्या भाव विचारत नसत, त्यामुळे आमच्या जुन्या विक्रेत्यांना त्यांच्याशी काय बोलावं तेच सुचत नसे.

पण बस्त्याला आलेलं माणूस असो की साहेबीण, आत शिरण्याआधी काचेपुढे थांबायचं. ती काच म्हणजे माझं खातं. मी घड्या घालायला लागलेला माणूस. काच सजवणारा आधीचा गडी पळून गेला म्हणून मला आत ढकललं. शिकवायला कोणी नव्हतं. मी एका जुन्या मासिकात परदेशातल्या दुकानाचा फोटो पाहिला : बर्फ पडतोय, बर्फात बाई उभी आहे, अंगात कोट. झालं. शाली खपवायच्या होत्या, मीही बर्फ पाडायचा ठरवला. वरोऱ्याहून येणाऱ्या एकाकडून पोतंभर कापूस मागवला आणि पुतळीच्या गुडघ्यापर्यंत भरला.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेतलेला एक शेतकरी सरळ माझ्याकडे आला.

"भाऊ, काय भावानं घेऊन राह्यले?"

"काय?"

"कापूस." त्याने पिशवीतून मूठभर नमुना काढून माझ्या तळहातावर ठेवलासुद्धा.

मी म्हणालो, "भाऊ, तो कापूस नाही, बर्फ आहे."

तो काचेजवळ गेला, नाक लावून पाहून आला. "बर्फात सरकी हाय तुमच्या," म्हणाला आणि माझ्या हातावरचा नमुना परत पिशवीत टाकून निघून गेला.

संध्याकाळपर्यंत आणखी चौघे भाव विचारून गेले. मोठ्या शेठनी बर्फ पोत्यात भरायला लावला. शाली त्या वर्षी खपल्या नाहीत. इथे थंडीच जेमतेम पडते, हे मला शाली खपल्या नाहीत तेव्हा आठवलं.

असो. आता मुद्द्यावर येतो, नाहीतर माझ्या चुका सांगता सांगता खरी चूक राहून जाईल.

काचेतल्या साडीला ऊन खाई. मी पदर मागे सोडायचो, त्यामुळे ऊन पडे ते फक्त निऱ्यांवर. महिनाभराने साडी उतरवून उलगडली की निऱ्यांच्या धारा जिथे जिथे होत्या तिथे उभे फिकट पट्टे, पट्ट्यांमध्ये मूळ रंग. असा माल गिऱ्हाइकाला देता येत नाही. मोठे शेठ ती साडी माझ्या अंगावर टाकत, "घरी घेऊन जा." दुकानाचा रिवाजच झाला तो. घरी बायको ती नेसताना प्रत्येक निरी अर्धं बोट सरकवून घ्यायची. पट्टा आतल्या घडीत जायचा आणि बाहेरून साडी कोरी दिसायची. माझी बायको सबंध गल्लीत 'मोठ्या दुकानातलंच नेसते' म्हणून ओळखली जाई. ती चालताना निऱ्यांवर एक हात ठेवूनच चालते. लोकांना तो तिचा डौल वाटायचा.

आता कबुली. साडी शेवटी आपल्याच घरी येणार हे कळल्यावर मी काचेत तिच्या आवडीच्या साड्या लावू लागलो. लग्नानंतरची पहिली साडी वांगी रंगाची होती, तिला ती आवडली होती, म्हणून वांगी. पुढच्या वर्षी वांगीला काठ वेगळा. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जायला तिला पांढरी लागे, म्हणून सप्टेंबरात काचेत पांढरी. तिच्यावर पट्टा दिसत नसे. आणि गंमत अशी, की काचेत जे दिसे तेच गिऱ्हाईक मागे. शेठ सुरतेहून वांगीच्या गाठी मागवू लागले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायका तीस वर्षं माझ्या बायकोच्या आवडीच्या साड्या नेसत होत्या आणि हे गुपित ठाऊक असलेला मी एकटा पुरुष. मला आत कुठेतरी मिश्या फुटल्यासारखं वाटायचं.

मग मोठे शेठ अंथरुणाला टेकले आणि धाकटे शेठ गल्ल्यावर बसले. त्यांना काच काढून तिथे मोठा पडदा बसवायचा होता, ज्यात मॉडेली आपोआप चालतात. "काका, पुतळ्यांकडे आता कोण बघतं?" पडद्याला टाचण्या लागत नाहीत. म्हणजे मीही लागत नव्हतो.

मोठ्या शेठनी अंथरुणातून निरोप धाडला : एकदा दुकानाचा इतिहास काचेत मांडू द्या. आठ दिवस. लोक थांबले तर काच राहील, नाही थांबले तर पडदा.

इतिहास मांडायचा कशातून? दुकानाने जुनं काही ठेवलेलं नव्हतं. गोदामात पुराचं पाणी शिरून गेलं होतं. तीस वर्षांचा इतिहास फक्त एका ठिकाणी घडी घालून ठेवला होता : माझ्या बायकोच्या पेटीत.

ती लेकीकडे गडचिरोलीला गेली होती. विचारायला फोन होता. मी केला नाही. वाटलं, परत येईल तेव्हा काच बघून चकित होईल. अकरा साड्या उचलल्या आणि दुकान बंद असतं त्या मंगळवारी अकरा पुतळ्यांना नेसवल्या. हात सवयीने चालले. निऱ्या पूर्वी होत्या तिथेच पडल्या आणि सगळे फिके पट्टे ओळीने रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मला ते फार सुंदर दिसलं. प्रत्येकीपुढे पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'ही साडी याच काचेत होती.'

तीन दिवस कोणी थांबलं नाही. थांबली ती आमच्या गल्लीतली एक बाई. तिने साड्या ओळखल्या, पुठ्ठे वाचले आणि गडचिरोलीला फोन लावला.

चौथ्या दिवशी भर दुपारी बायको बसस्टँडवरून पिशवीसकट थेट दुकानात आली. तीस वर्षांत ती पुढच्या दाराने कधी आत आली नव्हती.

"चपला कुठी काढू?" एवढंच म्हणाली.

काचेला मागून एक बुटका दरवाजा आहे. त्यातून ती वाकून आत गेली, पाठोपाठ मी. तिने पहिल्या पुतळीच्या निऱ्या सोडल्या आणि पुन्हा घालायला सुरुवात केली. अर्धं बोट सरकवून.

"अगं, पट्टे दिसायलाच पाहिजेत. इतिहास आहे तो."

"इतिहास दुकानाचा. साडी माही. टाचणी द्या."

मी टाचणी दिली. तोंडात होतीच.

"आता गल्लीत कोणतं तोंड दाखवू मी? सारे म्हणून राह्यले, उन्हानं खाल्लेलं नेसते." दुसरी पुतळी झाली. तिसरीपाशी ती थांबली. "अकरात सात वांगीच. एवढा वांगी काऊन उचलून आणला?"

"तुझ्या आवडीचा म्हणून."

"मले कधी आवडला वांगी?"

"पहिल्या साडीला तू छान म्हणालीस."

"नवं लगन होतं. काय म्हणू मग?" ती निरी मोजत राहिली. "मले वाटे, खपत नाई म्हणून शेठ तुमच्या गळ्यात मारते. तुमाले वाईट नको वाटाले म्हणून नेसत होती."

मी पुतळीला धरून उभा राहिलो. तीस वर्षं सुरतेहून गाठी आल्या, दोन जिल्हे वांगी झाले, आणि जिच्यासाठी, ती माझ्या कीवेपायी नेसत होती.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर ही गर्दी! ऑटो थांबलेले, बसमधून डोकी बाहेर. जिवंत बाई काचेत पुतळ्यांना साडी नेसवते आणि नवऱ्याला झापते, आवाज ऐकू येत नाही, पण समजतं सगळं. कोणी ओरडलं, "भाऊ, पुतळी बोलते का?"

अकरावी साडी होईपर्यंत तिने हात थांबवला नाही. एकही पट्टा दिसेना तेव्हाच बाहेर आली.

धाकटे शेठ खूश. "काका, असं पब्लिक कधी पाहिलं नाही! काकू रोज येतील का?"

"काऊन?" ती चपला घालत म्हणाली. "मी काय पुतळी हाय?"

शेठनी आठ दिवसांचा हिशोब सरळ लावला : लोक काकूंसाठी थांबले, पुतळ्यांसाठी नाही. खरंच होतं ते. काच गेली, पडदा आला. त्यातल्या मॉडेली दिवसभर चालतात आणि कुठेच पोचत नाहीत. अकरा साड्या पेटीत परत गेल्या. मला दुसऱ्या मजल्यावर साडीच्या काउंटरला घड्या घालायला बसवलं. सुरुवात केली तिथेच.

गेल्या आठवड्यात दुपारी ती लिफ्टने वर आली आणि माझ्यासमोर गादीवर गिऱ्हाईक होऊन बसली.

"दाखवा."

"कोणता रंग?"

"तीस वर्षं सांगितला नाई, आता सांगू? काढा तुमी."

मी काढत गेलो. पोपटी, आमसुली, राखाडी, हळदी. ती प्रत्येकीचा पदर हातावर घेई, उजेडाकडे धरी आणि बाजूला सारी. चाळीस साड्यांचा ढीग झाला. बाजूचे विक्रेते माना खाली घालून हसत होते. शेवटी ती उठली.

"आज नाई जमलं. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी खरंच आली. तिसऱ्या दिवशीही. मी उलगडतो, ती बघते, ती जाते, मी घड्या घालतो. कंबर मोडून गेली आहे. वांगीचा गठ्ठा मी सगळ्यात खाली दडपून ठेवलाय. काल एका मोरपंखीवर तिचा हात इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ राहिला असं मला वाटलं. पण माझ्या वाटण्यावर आता मी एकाही साडीचं बिल फाडणार नाही. ती मोरपंखी घडी करून जवळ, मांडीखाली ठेवली आहे. आज चार वाजता पुन्हा काढून बघतो.