घाण नव्हती ती

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, माफ करा. चौथीनंतर मी शेतात गेले. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

पेठ गावात मालकीणबाईंकडे मी धुण्याभांड्याला जायचे. चार वर्षांचा लेक सोबत असायचा. एकदा त्यांच्या अंगणात लघवी करताना तो कळवळला. पुढची कातडी फुग्यासारखी फुगली होती. ओटीवर बाया बसल्या होत्या. मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्यात धुवायची सवयच न्हाई गं. घाण साचलीय. तेल लाव अन् रोज मागं ओढून धू."

एक बाई म्हणाली, "न्हाईतर कापूनच आण की!" सगळ्या हसल्या.

तुमच्यात. आम्ही बौद्ध. माझ्या घरातलं भांडं आरशासारखं असतं. तरी मी मान खाली घातली. मला ते खरं वाटलं. हेच आजही मला खातं.

रोज आंघोळीला मी ओढायचे. तो रडायचा, "आय, नगं गं, दुखतंय!"

"गप. घाण काढतीय."

एकदा रक्त आलं. तरी थांबले नाही. मग एका सकाळी कातडी मागे गेली ती पुढे येईना. टोक सुजून जांभळं पडलं. मी त्याला उचलून पळत गेले, तेव्हा मालकीणबाईंनी रिक्षाला पाचशे रुपये दिले. "फेड सवडीनं," म्हणाल्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाबून सूज उतरवली, कातडी जागेवर आणली. मग विचारलं, "ओढायला कुणी सांगितलं?"

मी लेकाला मांडीवर घेतलं.

"ताई, लहानपणी ती चिकटलेलीच असते. वय वाढतं तशी आपोआप सुटते. ओढली की चिरते आणि भरताना अजून आवळते. वरून पाण्यानं धुवायचं, बस. आता याला मलम देते. त्यानं नाहीच सुटली तर छोटं ऑपरेशन. आणि कधी अशी मागे अडकली तर लगेच यायचं. मोठ्या माणसांनाही हा त्रास असतो, लाजेनं सांगत नाहीत."

बाहेर आल्यावर सोबत आलेला नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "मलाबी हाय." लग्नाला इतकी वर्षं झाली, मला माहीत नव्हतं. मीच त्याला परत आत पाठवलं.

मलमाची नळी हातात घेतली आणि ओळखली. मालकीणबाईंचा पुण्याचा नातू सुट्टीला आला की हीच नळी त्यांच्या न्हाणीत फळीवर असायची. नाव मी अक्षरं जुळवून वाचलं होतं.

लेकाची कातडी मलमानं सुटली. पण तो माझ्या हातून आंघोळ करून घेत नाही, बापाकडे पळतो. मी तांब्या उचलला तरी दोन्ही हात पुढे धरतो. सांगणारी दुसरी होती, पण ओढणारा हात माझा होता.

मालकीणबाईंचे पैसे पगारातून कापू दिले नाहीत. दुसऱ्यांच्या शेतात बटाटा काढून मिळवले. द्यायला गेले तेव्हा ओटीवर त्याच बाया होत्या.

मी विचारलं, "तुमच्या नातवाला हेच मलम व्हतं ना?"

"त्याचं येगळं गं."

"येगळं कसं? त्याच्यात पण घाण साचली व्हती का?"

या वेळी कुणी हसलं नाही.

आता कुणी बाई पोराचं असं दुखणं सांगत आली, तर मी आधी तिचे हात धरते. ओढू नको म्हणते, दवाखान्यात चल म्हणते. लाज वाटते, तरी म्हणते. आणि 'तुमच्यात' हा शब्द मी पुन्हा कुणाकडून ऐकून घेणार नाही.

त्या दिवशी पाचशे रुपये ओटीवर ठेवले. पुरे फिटले. त्यांच्या धुण्याची बादली तिथेच सोडून मी कायमची निघाले.