लाल डब्यातल्या बाटल्या

घरात दोघी जावा. मोठीला सगळे थोरली म्हणायचे, लहानीला धाकटी, आणि ही नावं त्यांच्या मागोमाग कारखान्यातही आली. सुपरवायझरसुद्धा हजेरी घेताना आडनावं बाजूला ठेवून ‘थोरली आली का, धाकटी आली का’ असंच विचारायचा. ही गोष्ट धाकटीची. बाई कामाला वाघ, तोंडाने फटकळ आणि जावेवर जीव टाकणारी. तो जीव टाकणंच अंगाशी आलं, दुसरं काही नाही.

धाकटीचा नवरा गेला तेव्हा थोरलीने तिला महिनाभर रडू दिलं. मग एका सकाळी हाताला धरून कारखान्यात नेलं. म्हणाली, रडायला संध्याकाळ आहे, दिवसा कामाला चल. थोरली स्वतः आधीच विधवा, मूलबाळ नाही, तिला हे सगळं ठाऊक होतं. ते उपकार धाकटी कधी विसरली नाही, आणि विसरू नयेतच.

काम इंजेक्शनच्या बाटल्या तपासण्याचं. टेबलावर दिवा, दिव्यामागे अर्धी काळी आणि अर्धी पांढरी पाटी. दोन दोन बाटल्या मानेला धरायच्या, हळूच उलट्या करायच्या. काळ्यासमोर पांढरा धागा दिसतो, पांढऱ्यासमोर काळा कण. चांगली बाटली ट्रेमध्ये, खराब लाल डब्यात. ऐकायला सोपं वाटतं. सहा तास बसून बघा म्हणजे कळेल. म्हणून त्या हॉलमध्ये एक रीत पडली होती. ट्रे पुढे सरकवण्याआधी शेजारणीने त्यावरून एक नजर फिरवायची. साहेबांनी सांगितलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. बायकांनी आपसात ठरवलेलं होतं आणि त्याने कधी नुकसान झालं नव्हतं.

गेल्या वर्षभरात थोरली बाटली डोळ्याच्या फार जवळ नेऊ लागली, मान वाकडी करून बघू लागली. धाकटीने विचारलं तर म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मोठ्या इस्पितळात तिने नावही नोंदवलं. तारीख मिळाली दोन महिन्यांनंतरची. तोवर ऑफिसात वास लागू द्यायचा नव्हता. नजर अधू झालेल्या तपासणीसाला कोण एक दिवस ठेवील? आणि कामाशिवाय थोरली घरात बसली असती तर झुरूनच गेली असती. धाकटी तिच्या ट्रेवरून एकदा नव्हे, दोनदा नजर फिरवू लागली.

अशात विद्यापीठातल्या मॅडम आल्या. माणसं कामावर कशी निवडावीत, कशाने थकतात, का सोडून जातात, याचं एक शास्त्र आहे आणि आपण ते शिकवतो, असं त्यांनी सांगितलं. बायका हसल्या. एकीने सुनावलं की आम्ही का थकतो हे कळायला शास्त्र कशाला, एक पाळी बसून बघा. मॅडम खरंच बसल्या हो. पूर्ण पाळी, वही घेऊन, दिव्यासमोर. संध्याकाळी डोळे लाल करून उठल्या तेव्हापासून बायकांना त्या आपल्या वाटायला लागल्या.

मग त्यांनी प्रयोग समजावून सांगितला. तीन आठवडे ट्रेमध्ये त्या मोजून काही खराब बाटल्या मिसळणार. दर अर्ध्या तासाला किती सापडल्या आणि किती सुटल्या ते लिहिणार. चिठ्ठ्या टाकून निम्म्या टेबलांना पूर्वीसारखी दर तासाला विश्रांती, निम्म्यांना दोन तासांनी. कागदावर नाव नाही, नुसता नंबर, आणि तोही कंपनीला दाखवणार नाहीत. अट एकच, एकमेकींच्या ट्रेला हात लावायचा नाही. यातून काय निघेल असं तुम्हाला वाटतं, हे कुणीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या की ते सांगितलं तर सगळा प्रयोगच बिघडेल.

जावांच्या टेबलाला दोन तासांची चिठ्ठी आली. धाकटी मनाशी म्हणाली, नाव नाही म्हणतात, पण नंबर आहे ना? नंबरावरून नाव काढायला कितीसा वेळ? तिने पहिल्याच दिवशी उपाय काढला. ट्रे गाडीवर ठेवायला धाकटी उठायची, तेव्हा थोरलीचा ट्रे दिव्याखालून नेताना सुटलेल्या बाटल्या अलगद उचलायची आणि थोरलीच्याच लाल डब्यात सोडायची. थोरलीला पत्ता नाही, मॅडमना पत्ता नाही. शेजारच्या टेबलावरच्या बायकांना मात्र दिसलं, आणि त्यांनाही ते पटलं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळा हॉल एकमेकींना सांभाळून घेत होता. बाहेरच्या बाईसमोर आपल्यातली कुणी कमी दिसायला नको, एवढंच प्रत्येकीच्या मनात.

मॅडम काही दुधखुळ्या नव्हत्या. शेवटी त्यांनी एकेकीला वेगळ्या खोलीत बोलावून विचारलं, कुणी कुणाला मदत केली का? धाकटीने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, छे हो, नियम म्हणजे नियम. मग मॅडमनी कबूल केल्याप्रमाणे प्रत्येकीला तिचा तिचा कागद दाखवला. थोरलीची तीन आठवड्यांत एकही बाटली सुटली नव्हती. ती आठवडाभर तरंगत होती, आणि धाकटीला आपण फार शहाणपणाचं काम केलं असं वाटत होतं.

महिन्याभराने नोटीस लागली. अभ्यासात दिसून आलं की सलग दोन तास बसूनही चुका वाढत नाहीत, म्हणून तासातासाची विश्रांती बंद. साहेबांना मोजण्याची पद्धतही फार आवडली. आता कंपनीच खराब बाटल्या मिसळणार होती, नंबराच्या जागी नावं लिहून, आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये प्लायवूडचे आडोसे. धाकटी त्या आडोशाकडे बघतच राहिली. पलीकडे थोरली बसली होती आणि हात पोचत नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात थोरलीच्या वीसपैकी अकरा सुटल्या. पाचव्यात चौदा. सुपरवायझरने खाली मान घालून तिला पत्र दिलं. तेवीस वर्षांची नोकरी, डबा आणि छत्री घेऊन थोरली दुपारीच घरी गेली.

तेव्हा कुठे दोघी इस्पितळात गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं. उजवा डोळा गेला आहे, डावा जेवढा उरलाय तेवढा सांभाळायचा, म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी आला असता तर दोन्ही वाचले असते.

“तारीख मिळाली होती,” थोरली म्हणाली. “मीच आले नाही. कामावर एकही चूक निघत नव्हती, म्हटलं डोळा ठणठणीत आहे, कशाला रजा घालवा.”

धाकटी शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. ती तारीख तिच्या ध्यानातूनच उतरली होती.

दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठात मॅडमच्या खोलीवर गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मॅडमनी अहवालाची फाईल काढून पुढ्यात ठेवली. मग म्हणाल्या, “तासभरानंतर कुठलाही डोळा दमतो, हेच मला सिद्ध करायचं होतं. तुमची विश्रांती वाढवून मागणार होते मी.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम बाटल्या सोडल्या असत्या. मग कोणी मानलं असतं?”

मॅडमनी कंपनीला पत्र लिहिलं की अहवाल रद्द समजावा. कंपनीने बायकांच्या लेखी जबान्या मागितल्या. खोटं बोललो हे लिहून द्यायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. हॉलमधल्या सगळ्यांनी कानावर हात ठेवले. सही एकट्या धाकटीची. एका बाईच्या सांगण्यावरून नियम बदलता येत नाही, असं उत्तर आलं, आणि धाकटीचा हिशेब करून टाकला तो वेगळाच.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती थोरलीला सगळं सांगायचं ठरवूनच. थोरली खिडकीपाशी बसली होती, दारातलं माणूस ओळखायला तिला मान पुरती वळवावी लागली.

“त्या मॅडमकडे गेली होतीस म्हणे. त्यांनी दाखवलेला माझा कागद खरा होता ना गं? एकही सुटली नव्हती?”

धाकटी उंबऱ्यातच थांबली. सही करताना जो धीर होता तो कुठे गेला कोण जाणे.

“खरा होता, जाऊबाई. एकही नाही.”

“मग डोळा अचानकच गेला म्हणायचा,” थोरली म्हणाली. “मला आपलं वाटत होतं, माझीच हयगय झाली. तू सांगितलंस, बरं वाटलं.”

तिने हात पुढे केला. धाकटीने तो धरला आणि तिला जेवायला आत घेऊन गेली.