पऱ्हाट्यांची गंजी

कापूस वेचून झाला की वाळक्या पऱ्हाट्या उपटून रानातल्या घरामागं रचायच्या, वर्षभर चुलीला पुरतात. मी जन्मभर तेच केलं. गेल्या उन्हाळ्यात सून म्हणाली, “आत्याबाई, त्यात बोंडअळी राहती म्हणं. पेटवून द्या.”

“सांगणारा माझ्या चुलीला सरपण आणून देणार हाय का?” मी म्हणाले. गंजी तशीच राहिली.

यंदा गंजीजवळच्या ओळींत आधी अळी दिसली, मग सगळ्या रानात. बोंडं बाहेरून हिरवी, आत सगळी किडकी सरकी. निम्म्याहून जास्त कापूस गेला. चूक माझीच होती.

उरलेला डागी कापूस आम्ही दोघी वेचत होतो. दिवसभरात सून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते, आणि मला जरा बरं वाटलं असतं.