नाळेचे तीन धनी

प्रसूतिकक्षात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. हुद्द्याने त्या कधीच सगळ्यांत मोठ्या नव्हत्या. तो मान दर वेळी कागद नीट भरणारी कुणीतरी बाई घेऊन जाई. पण एकतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली पोरं झेलणारी दुसरी कुणी उरली नव्हती, आणि त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. कळा देताना नवऱ्याला शिव्या घालणाऱ्या बाईला त्या म्हणत, "घाल, घाल, अजून दोन घाल. जोर येतो." आणि बाळाचं नाक कुणावर गेलंय याची चर्चा करणाऱ्या नातेवाइकांना म्हणत, "अजून नाक चपटंच आहे. भांडण महिनाभर पुढे ढकला."

त्यांची एक पद्धत होती. बाळ बाहेर आलं, पुसलं, आईच्या पोटावर ठेवलं, की नाळेवर दोन बोटं ठेवून उभं राहायचं. नाळ उडत असते, मनगटाच्या नाडीसारखी. ती उडायची थांबेपर्यंत चिमटा लावायचा नाही. "वारेत अजून पोराचंच रक्त आहे. त्याचं त्याला पोचू दे. तुम्हाला काय गाडी गाठायचीय?" असं त्या घाईतल्या डॉक्टरांना सुनावत. पुढे मोठमोठ्या पुस्तकांतही छापून आलं की, नाळ कापायला जरा थांबावं. तेव्हा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं. पुस्तकांना कळलं एकदाचं."

अशा बाईला जावई मिळाला तो गॅरंटीवाला. हे नावही त्यांनीच ठेवलेलं, मुलीच्या माघारी. तो लिफ्टच्या कंपनीत तपासनीस होता. दोर तुटला तर काय होईल, याचा दिवसभर विचार करण्याचा त्याला पगार मिळे, आणि घरी आल्यावर तो हाच उद्योग फुकट करी. मिक्सर घेतला तर पाच वर्षांची जादा गॅरंटी. इस्त्री घेतली तर तिची. छत्रीची पावती फाइलला लावून ठेवणारा तो मोठ्या सिस्टरांच्या पाहण्यातला एकुलता एक माणूस.

मुलीला सातवा महिना लागला आणि या माणसाने घरी नाळेच्या बँकेचा माणूस बोलावला. बूट चकचकीत, केस चकचकीत, हातातल्या काचेच्या पाटीवर हसरी बाळं. मोठ्या सिस्टर त्या दिवशी मुलीला भेटायला आल्या होत्या. त्या उठून जातील अशी जावयाला आशा होती. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"मॅम, हे नाळेतलं रक्त म्हणजे बाळाचा आयुष्यभराचा विमा आहे."

"बाळाचा की तुमचा?"

माणूस हसला. त्याला तसं शिकवलेलं असावं. "मॅम, ऐंशीच्या वर आजारांवर हे उपयोगी—"

"त्यातल्या किती आजारांत पोराचं स्वतःचंच रक्त त्याला चालतं, तेवढं सांगा."

त्याने पाटीवर बोट फिरवलं. बाळं सरकली. "म्हणजे, रक्ताचा कर्करोग वगैरे—"

"आणि रोगाचं बी त्याच रक्तात असलं तर? तेच परत घालणार? म्हणजे विहिरीत बुडणाऱ्याला त्याच विहिरीचं पाणी पाजा."

"आई," जावई हळूच म्हणाला, "पण नसण्यापेक्षा असलेलं बरं ना?"

"जावईबापू, या न्यायाने अपेंडिक्सही काढून बरणीत भरून ठेवा."

विहीणबाई आतून आल्या. घरात काही खरेदी होतेय आणि आपल्याला विचारलं नाही, हे त्यांना सहन होत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या घरात जे येतं ते पहिल्या प्रतीचं येतं. ठेवायचं तर ठेवायचंच." झालं. आठ दिवसांत पांढरी पेटी घरी आली. आत रिकामी रक्ताची पिशवी, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध, सुई, नळ्या. बाळंतपणाला जाताना ती बरोबर न्यायची.

पेटीच्या झाकणावर बोटभर अक्षरांत लिहिलं होतं की, हिला फ्रीजमध्ये ठेवू नये. पण विहीणबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नसे, आणि चष्मा लावणं त्यांच्या शानीत बसत नसे. रक्ताचं म्हणजे थंडच हवं, एवढं ज्ञान त्यांच्यापाशी उपजत होतं. त्यांनी पेटी उचलली ती थेट बर्फाच्या कप्प्यात, मटारांच्या पिशवीशेजारी. तीन आठवड्यांनी जावयाला ती सापडली तेव्हा आतलं औषध दगड झालं होतं.

मोठ्या सिस्टर फोनवर इतक्या हसल्या की, शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. "दुकान उघडायच्या आधीच माल गोठला!" नाळेचं प्रकरण मिटलं, असं त्यांनी धरून टाकलं.

रविवारी त्या मुलीकडे गेल्या तेव्हा जावई दुसरी पेटी मागवायला फोन लावत होता. मुलीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. ती जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढी. बोलायची कमी, पण एकदा रेघ ओढली की ती कुणाला पुसू देत नसे.

"दुसरी पेटी नको. मी ते रक्त दान करणारेय. सार्वजनिक पेढीत महिन्यापूर्वीच नाव घातलंय. कागद भरलेत, माझं रक्तही तपासून झालंय."

"आपल्या बाळाचं रक्त दुसऱ्याला?" जावई.

"परक्याला? नाव ना गाव?" मोठ्या सिस्टर. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं. "आणि पिशवी भरायची म्हणजे नाळ घाईने कापायची. पोराच्या तोंडचा घास काढून—"

"एक मिनिट थांबतात, आई. मी डॉक्टरांना विचारलंय. मिनिटानंतर वारेत जे उरतं तेवढंच घेतात. तू एकतीस वर्षं ते उरलेलं कुठे टाकलंस?"

"कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. कुठे टाकणार? डोक्यावर ओतून घेऊ?"

"मग एक पिशवी दुसरीकडे गेली तर तुझं काय जातं? जुळणारं रक्त मिळत नाही म्हणून माणसं वाट बघत मरतात, हे मला कुणी सांगितलं? तूच जेवताना सांगायचीस. घास उतरायचा नाही माझा."

जावयाने शेवटचा दोर धरून पाहिला. "आणि उद्या आपल्याच पोराला लागलं तर?"

"तर अशाच कुणा बाईने दिलेलं शोधायचं. सगळ्यांनी आपापलं कुलपात ठेवलं तर ते मिळणार कुठून?"

त्याने टेबलावरचा पालथा फोन उचलून खिशात टाकला आणि म्हणाला, "ठीक आहे."

एवढ्यात वितळले, मोठ्या सिस्टरांच्या मनात आलं. माणूस आहे की लोणी.

मुलगी आईकडे वळली. "तुला आत यायचं असेल तर ये. डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. पण एक मिनिट म्हणजे एक मिनिट. घड्याळ बघायचं, बोटं नाही."

"बघेन गं, बघेन. मला घड्याळ कळतं."

नवव्या महिन्यात, सकाळी नवाच्या सुमारास मुलीला मुलगी झाली. बाळंतपण करणारी डॉक्टरीण मोठ्या सिस्टरांच्याच हाताखाली तयार झालेली. पहिला टाका त्यांनीच तिच्या हाताला धरून घालायला लावला होता. दानपेढीची तंत्रज्ञ, एक किडकिडीत बाई, पिशवी घेऊन कोपऱ्यात उभी होती. बाळ रडलं, आईच्या पोटावर गेलं. मोठ्या सिस्टरांची दोन बोटं आपसूक नाळेवर गेली.

नाळ उडत होती. ठण्ण, ठण्ण.

"सिस्टर, मिनिट झालं," डॉक्टरीण म्हणाली.

"झालं कुठे?"

झालं होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा त्यांच्या डोळ्यांसमोर बारावरून पुढे गेला होता. त्यांनी बोटं काढली नाहीत. ही माझी नात आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि कोपऱ्यातली ती बाई कोण कुठली, पिशवी घेऊन दुधाच्या रांगेत उभी असल्यासारखी. काटा दुसऱ्यांदा फिरून आला. डॉक्टरीण काहीतरी बोलायला गेली. सिस्टरांनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं, पंधरा वर्षांपूर्वी करत तसं. मुलीचं लक्ष बाळाकडे होतं. काटा तिसऱ्यांदा वर आला आणि पुढे गेला, तेव्हा कुठे नाळ पांढरी पडली, ओल्या सुतळीसारखी लोळागोळा झाली. "लावा आता चिमटा," त्या म्हणाल्या.

तंत्रज्ञ बाईने सुई घातली, पिशवी खाली धरली, नाळ चोळून पाहिली. धार लागली ती नावाला. बाईने पिशवी वजनकाट्याला अडकवली, ओठ मुडपले आणि म्हणाली, "आम्ही कळवतो." मोठ्या सिस्टर बाळाचं वजन करण्यात गुंतल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या खोलीत फोन आला. जावई संत्रं सोलत होता. मोठ्या सिस्टर बाळाला बदलत होत्या.

"भरलं नाही," फोनवर हात ठेवून मुलगी म्हणाली. "कुणाला देण्याइतकं रक्त पिशवीत नाही. संशोधनाला देऊ की नष्ट करू, विचारतायत."

"माझ्या बँकेने तेवढंही ठेवून घेतलं असतं," जावई पुटपुटला.

"त्यांनी रिकामी पिशवीही ठेवून घेतली असती," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

"संशोधनाला द्या," मुलीने फोनवर सांगितलं आणि तो खाली ठेवला. "आई, किती थांबलीस?"

उत्तर तयार होतं. कुणाची वार लहान असते, कुणाची नाळ बारीक असते. एकतीस वर्षांच्या सिस्टरने असं म्हटल्यावर खोटं पाडणार कोण? "वार लहान असली ना, की—" त्यांनी सुरुवात केली. मुलगी त्यांच्याकडे बघत होती, खुंटीची जागा हललेल्या बांधाकडे बघावं तशी.

"तीन मिनिटं," त्या म्हणाल्या. "वर थोडी."

"कबूल एक केलं होतंस."

"पोरीचा रंग बघ की जरा! कशी टवटवीत—"

"रंगाचं मी विचारलं नाही. एका मिनिटातही ती टवटवीतच असती." मुलीचा आवाज चढला नाही. "तू सगळ्यांना हसतेस, आई. त्या पाटीवाल्याला, यांना, सासूबाईंना. पण त्यातल्या कुणी मला फसवलं नाही. सासूबाईंनी पेटी गोठवली ती न कळून. तू सगळं कळून केलंस. कुणीतरी वाट बघतंय, हे तुझ्याइतकं या घरात कुणाला माहीत होतं?"

जावयाने संत्र्याची फोड तोंडाकडे नेली होती, ती तशीच परत ठेवली.

"पुढच्या खेपेला तू आत यायचं नाहीस," मुलगी म्हणाली.

पुढची खेप! अजून टाके वाळले नाहीत आणि बाई पुढच्या खेपेच्या गोष्टी करतेय! वाक्य मोठ्या सिस्टरांच्या ओठांपर्यंत आलं. चांगलं होतं, ड्यूटीवर असत्या तर सगळा वॉर्ड हसला असता. त्यांनी ते गिळलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

एवढा छोटा शब्द जावयाने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांना चक्करबिक्कर येते की काय असं वाटून त्याने घाईघाईने पेला भरला आणि पुढे केला. मोठ्या सिस्टरांनी तो घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.