नाव घातलेली भांडी

पाय पसरून बसलेली एक बाई मी पावसाळ्यापासून घडवत होते, आणि त्यातला निम्मा वेळ मीच तिच्यासमोर पाय पसरून बसलेली असायची. गुडघ्यांनी आता माझ्याशी उघड वैर धरलं आहे. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, तेव्हा बरोबरीच्या बायका तीर्थयात्रेला गेल्या नाहीतर नातवंडांकडे. मी एक ड्रिल मशीन आणलं. घरच्यांनी त्याकडे असं पाहिलं, जणू मी दारात रेडा आणून बांधला.

मला मोडीतल्या भांड्यांची शिल्पं करायची होती. इतवारा बाजारातल्या मोडवाल्याकडे जायचं, स्टीलच्या जुन्या भांड्यांच्या ढिगात हात घालायचा, पोचे आलेली, कडा फाटलेली, बूड सुटलेली भांडी वजनावर घ्यायची आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ओतायची. तिथे उन्हाळ्यात उभं राहवत नाही आणि पावसाळ्यात बोललेलं ऐकू येत नाही. माझ्या कामाबद्दल कुणी काही बोलतही नव्हतं, त्यामुळे त्याची खंत नव्हती.

खरी खंत वेगळी होती. केलेलं प्रत्येक शिल्प परत यायचं. प्रदर्शन झालं, पुष्पगुच्छ मिळाला, शाल मिळाली, की तिसऱ्या दिवशी टेम्पो दारात आणि माझा बैल, माझा मोर, माझं पिंपळाचं झाड पुन्हा शेडमध्ये. मोराची मान तर टेम्पोतच गेली. आपलं एक तरी काम कुठेतरी कायम उभं राहावं, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं, एवढीच माझी इच्छा उरली होती. ती मी कुणाला बोलून दाखवत नव्हते, कारण बोलून दाखवलं की लोक 'अजून उमेद आहे बुवा तुमची' म्हणतात. त्या वाक्याचा मला मनस्वी संताप येतो.

म्हणून अकोल्याच्या एका संस्थेने निरोप धाडला की ही बाई आम्ही आमच्या अंगणात कायमची बसवतो, तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. कायमची? कायमची. आधी महिला मेळाव्यात सगळ्यांना दाखवू, मग सोमवारी पाहुण्यांच्या हस्ते अनावरण, खाली सिमेंटचा ओटा. मी शेडमध्ये येऊन त्या बाईला सांगितलं, की तू काही परत येत नाहीस आता.

ती मला आवडायची. सगळी कामं उरकून संध्याकाळी भिंतीला टेकून बसलेली, कुणी हाक मारली तरी उठणार नाही अशी. पाठ ताटांची, एकावर एक चढवलेली. गुडघे डब्यांच्या झाकणांचे. बोटं चमच्यांच्या दांड्यांची. आणि डोकं म्हणजे एक गुंडी. आमच्याकडे पाणी भरायच्या लहान घागरीला गुंडी म्हणतात. ती उलटी केली की तिचा गळा तो बाईचा गळा झाला. आतून सळई वर नेली, बुडाला भोक पाडून नटाने आवळली आणि नटावर वाटीचा अंबाडा बसवला. त्या गुंडीला एका बाजूने मोठा पोचा होता. त्याच्यामुळे एक गाल आत गेल्यासारखा दिसायचा. डोळे नाहीत, नाक नाही, पण दमलेली दिसायची.

आता नावांचं. आपल्याकडे बिननावाचं भांडं विरळाच. लग्नात दिलं की नाव, वास्तूला दिलं की नाव, कुणी गेलं की त्यांच्या स्मरणार्थ नाव. काम करताना ती नावं मला रोज दिसत होती, पण ओरखडे दिसतात तशीच. घासून टाकावीत असं कधी वाटलं नाही. उन्हात ती बारीक अक्षरं चमकायची तेव्हा बरीच वाटायची. त्यातलं एकही नाव मी इथे लिहिणार नाही. मेळाव्यात त्यांनी पुरेसा गोंधळ घातला.

झालं असं की अकोल्याच्या त्या मेळाव्यात माझं शिल्प कुणी पाहिलंच नाही. बायकांनी ते वाचलं. पहिली आली, तिने पाठीवरच्या ताटाला नाक लावलं आणि ओरडली, "अवं बाई, इकडं ये! तुह्या गावच्या पाटलाचं नाव हाये!" मग रीघच लागली. कुणी मांडीशी वाकलेल्या, कुणी पायाशी बसलेल्या. गुंडीवरचं नाव उलटं असल्याने ते वाचायला माना वाकड्या करून उभ्या असलेल्या बायका तर मी जन्मात विसरणार नाही. एकीला दुसरीच्या नणंदेची परात सापडली. नणंद मोड विकते म्हणजे घरचं काही खरं नाही, यावर तिथेच एकमत झालं. मी बाजूला उभी राहून हसत होते, पण आतून चिडले होते. आठ-नऊ महिने राबून केलेल्या बाईचा चेहरा कसा आहे, हे विचारणारी एकही निघू नये?

मग माइकवरून बोलावणं आलं आणि सगळ्या मंडपात गेल्या. एक उरली. पन्नाशीची असेल, पदर खोचलेला, हाताला पापडाचं पीठ. शेजारीच बचत गटांचे स्टॉल होते, त्यातल्याच एकावरची. मान वाकडी करून ती गुंडीसमोर उभी होती. वाचून झालं तरी तिने मान सरळ केली नाही.

"मॅडम, हे गुंडी कुठून आणली तुमी?"

"मोडवाल्याकडून. अमरावतीच्या."

"थ्याले कोनं देल्ली?"

"ते कसं सांगणार ताई? त्याच्याकडे जिल्हाभरातून येतं."

"अचलपूरवरूनई येत असन?"

येत असेल, म्हटलं. ती खाली, ओट्यासाठी आणून टाकलेल्या विटांवर बसली. मीही बसले. बसायला कारण मिळालं की मी सोडत नाही.

"माह्या पोरीची हाये," ती म्हणाली. "लग्नात देल्ती म्या. नाव टाकून देल्ती."

ती बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातली. चार एकर काळी जमीन, एकच मुलगी. मुलगी अचलपूरला दिली. दोन वर्षांत कावीळ झाली आणि गेली. जावयाने दुसरं लग्न केलं. हे सगळं तिने पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं. जावयावर राग नव्हता. "तरना मानूस. कराच लागते."

"भांडी परत मागितली नाहीत तुम्ही?"

"मांगनं बरं दिसते का, मॅडम? देल्लं थे देल्लं." मग म्हणाली, "मले वाटे, नवी आली तरी पानी तं माह्या पोरीच्याच गुंडीतलं पेत असन थ्या घरचे. तेवढंच वाटे."

नव्या सुनेला पहिलीच्या नावाची भांडी रोज घासावीशी वाटली नसतील, त्यातही तिचं काय चुकलं? सगळेच आपापल्या जागी बरोबर, आणि गुंडी माझ्या बाईच्या धडावर.

"मले देता का हे?" तिने विचारलं.

मला ते कळलं होतंच. विटांवर बसल्यापासून मी त्याच प्रश्नाची वाट पाहत होते आणि तो येऊ नये म्हणत होते. सोमवारी अनावरण. संयोजक सकाळपासून दोनदा सांगून गेले होते की पाहुण्यांची वेळ मिळणं किती अवघड होतं. मी म्हटलं, "ताई, मी नाव घासून टाकते. कुणाला कळणार नाही. उगाच चारचौघी वाचतात, ते तरी बंद होईल."

"नाव घासाल तं मंग राहिलं काय?"

ती उठली, पदराने हात पुसले आणि पापडांजवळ जाऊन बसली. पुन्हा तिने विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. शाळेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला भांडणाची भीती नसते.

मंडपातून भाषणं ऐकू येत होती. टाकाऊतून टिकाऊ, कचऱ्यातून कला, भगिनींनी यातून बोध घ्यावा. कचरा, कचरा, कचरा. मला इतका थकवा आला की तिथेच आडवं व्हावंसं वाटलं. आजवर हेच शब्द ऐकून मी मान डोलावत आले होते. पलीकडे ती पापडाची पाकिटं सारखी करत होती, सारखीच होती ती तरीही करत होती. आणि माझ्या लक्षात आलं की ती माझ्या शिल्पाकडे पाठ करून बसली आहे. ते डोकं असं पाठीशी ठेवून तिला संध्याकाळपर्यंत पापड विकायचे होते.

माझ्या पिशवीत पाना असतोच. मी विटांवर चढले, अंबाड्याची वाटी काढली आणि नट सैल केला. गुंडी हलकी होती. इतके महिने मला ती जड वाटली होती.

संयोजक धावत आले. "मॅडम, मॅडम, हे काय करता?"

"डोकं दुखत होतं तिचं," मी म्हटलं. त्यांना विनोद कळला नाही, आणि माझाही तो करायचा मूड नव्हता. "दुसरं बसवते. सोमवारच्या आत."

"पण पाहुणे? फोटो छापायला गेला आहे हो!"

मी विटांवरून खाली उतरले. गुंडी पापडवाल्या बाईच्या मांडीवर नेऊन ठेवली. बुडाला भोक पडलंय, पाणी राहणार नाही, हे मी तिला आधीच सांगितलं, उगाच घरी गेल्यावर कळायला नको. ती 'हाव' म्हणाली. नावावरून बोट फिरवलं. मग पोच्यावर आलं.

"हा कायचा?"

"माझ्याकडे आली तेव्हापासून आहे."

"म्या देल्ली तवा नोता." ती बराच वेळ तिथे पाहत होती. पोरीच्या हातून पडली, का नंतर कुणाच्या, का मोडवाल्याने फेकली. तिला ते मला विचारायचं होतं, आणि मला सांगता येणार नाही हेही तिला ठाऊक होतं. संध्याकाळी स्टॉल आवरताना तिने पापडाच्या रिकाम्या पिशवीत गुंडी घातली, वर स्टॉलवर अंथरलेलं लुगडं कोंबलं. आभार मानले नाहीत. ते बरं झालं. "येतो मॅडम," म्हणाली आणि बचत गटाच्या बायकांबरोबर बसस्टँडकडे गेली.

अमरावतीला परतले तेव्हा अंग मोडून आलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये बसून ढीग उपसला. तीन गुंड्या निघाल्या. एकीवर सासरच्यांनी दिल्याचं, एकीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ, तिसरीवर नुसतं नाव आणि गाव, तेल्हारा. आता मला नुसते ओरखडे दिसेनात. प्रत्येक भांडं उचललं की वाटायचं, याचंही कुणी येईल. मान वाकडी करून उभं राहील. घासायचं मशीन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. हे माझं काम आता माझ्याच्याने होणार की नाही, या विचाराने मला रडू आलं. या वयात नवा धंदा कुठला शोधायचा?

शेवटी उठले आणि सराफ्याजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले. मोडीतून कामं करणारी बाई नवी कोरी गुंडी घ्यायला उभी होती. कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून पदर डोक्यावरून घेतला. दुकानदाराने दोन-तीन दाखवल्या. मी त्यातली सगळ्यात साधी निवडली. त्याने ती फडक्याने पुसली, नाव कोरायचं मशीन जवळ ओढलं आणि चालूच केलं.

"काय नाव टाकू, बाई?"

"नको. तशीच द्या."

त्याने मशीन बंद केलं नाही. गिऱ्हाईक नाराज आहे की काय, असं त्याला वाटलं असावं. "पैसे लागत नाहीत नावाचे."

"म्हणून नाही. नकोच आहे."

"अशी कशी बिननावाची नेता?" तो म्हणाला. "कुठं गेली-आली तं वापस कशी येईन?"

मशीन घरघरत होतं. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी पैसे ठेवले आणि गुंडी तशीच, कोरी घेऊन बाहेर आले.