कारेगावचा थंड तुकडा

कंपनीतली नोकरी सुटल्यावर हनुमंत पिसाळला पुण्याच्या एका संस्थेत काम मिळालं. शिरूर-दौंडमधली गावं उन्हाळ्यात किती तापतात, हिरवळ कुठं उरलीय, हे संस्थेतले लोक उपग्रहाच्या फोटोंवरून बघत. फोटोत दिसतं ते जमिनीवर खरंच तसं आहे का, हे मोटारसायकलवर जाऊन तपासायचं काम हनुमंतचं. म्हणजे नकाशात जिथं सगळ्यात लाल, तिथंच मे महिन्याच्या भर दुपारी उभं राहायचं. पन्नाशीच्या अंगाला ते झेपेना. संध्याकाळी जेवणसुद्धा नको वाटायचं.

गेल्या वर्षी कारेगावचा नकाशा आला. सगळा लालभडक आणि मधेच एक हिरवा ठिपका. जाऊन बघतो तर बंद कंपनीचा प्लॉट, वेड्या बाभळींनी भरलेला. आत वच्छलाबाई नावाची धनगराची म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली. मुलाच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी जीव घाबरतो, म्हणून ती इथं यायची. भोवतालापेक्षा ही जागा थंड असल्याचं हनुमंतनं तिला मोबाइलवर दाखवलं. तिला त्याचं नवल वाटलं नाही. पुढं त्या बाजूला काम निघालं, की तो डबा तिथंच खाऊ लागला.

यंदा ठिपका लाल झाला. काहीतरी चूक असेल, बघून या, असं ऑफिसातल्या गौतमी मॅडम म्हणाल्या.

चूक नव्हती. जेसीबीनं बाभळी काढून मुरूम पसरला होता, गोडाऊनचे खांब उभे राहत होते. वच्छलाबाई रस्त्यापलीकडं पाण्याच्या टाकीच्या सावलीत एकटीच बसली होती. पाल्याशेंगांची सोय गेल्यावर मुलानं शेळ्या विकून टाकल्या होत्या.

"वरून फोटू निघतात म्हणला व्हतास ना?" तिनं विचारलं. "झाडं तोडत व्हते तवा दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं, मावशी. म्हणून तर आलोय."

"मग आता काय करणार?"

"लिहून देणार. झाडं गेली म्हणून."

हनुमंतनं चारी बाजूंनी फोटो काढले आणि मॅडमना फोन लावला. निदान कडेनं झाडं लावा, एवढं तरी अहवालात घालता येईल का, असं विचारलं. घालू, पण पुढचं आपल्या हातात नसतं, असं त्या थकल्या आवाजात म्हणाल्या.

तिथून दौंडला जायचं होतं. ते त्यानं उद्यावर टाकलं. घरी बायकोनं विचारलं, आज लवकर कसे? फरशीवर पाणी मारून तो तिथंच आडवा झाला.