तिसरा पुकारा

भिवंडीच्या कोर्टात दर तारखेला ती माझ्या शेजारी बाकावर बसून भाजी निवडायची. मी तेव्हा पन्नाशीची. कडक इस्त्रीची साडी, छातीशी फाईल, स्वतःला अर्धी वकीलच समजायचे! माझा दावा जाऊबाईंवर, दोन घरांमधल्या गटारावरून. तिचा सख्ख्या भावावर, मानकोलीच्या जमिनीतल्या वाट्यासाठी. तो दावा तिच्या पोरांनी तिला टाकायला लावलेला. भाऊ समोरच्या बाकावर बसायचा, पण दोघं एकमेकांकडे बघत नसत.

त्या दिवशी तिची पोरं आणि वकील अजून यायचे होते. शिपायाने दारातून तिच्या नावाचा पुकारा केला. भाऊ उठून आत गेला. ती मेथी निवडत राहिली. दुसरा पुकारा झाला तसं मी तिला कोपराने ढोसलं, "अहो, तुमचं नाव!"

"गप ऱ्हा गो बाय." तिने पदर पुढे ओढला.

"अहो, दावा जाईल ना!"

"जाऊ दे. दिवाली आली. भाऊबीजेला काय जमिनीला ओवालू?"

तिसऱ्या पुकाऱ्यालाही ती उठली नाही. वादी गैरहजर, म्हणून दावा काढून टाकला. भाऊ बाहेर आला, तिच्यापाशी घुटमळला आणि मेथीची पिशवी उचलून म्हणाला, "चल, रिक्षा बगतो." ती त्याच्यामागे गेली.

पुढचा पुकारा माझा होता. मी "हजर!" अशी ओरडले की शिपाईसुद्धा दचकला.

गटार मी जिंकले. अजून माझ्या एकटीचंच आहे.